जामझिरीला जागा नाही

१८ नोव्हेंबर

सामान लावून झालं. सिमेंटच्या ओट्यांवर सहा तंबू. दोन संडास, एक हापशी, पत्र्याचं स्वयंपाकघर, त्याला लागून कोठी. सौर दिवे दोन, एक लागतो. बाकी सगळा साग.

जामझिरी गावाच्या समितीने हा कॅम्प मला पावसाळ्यापर्यंत चालवायला दिला आहे, जमलं तर पुढेही माझ्याकडेच. समितीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आधी काय करत होते?"

नांदगाव पेठेला सूतगिरणीत शिफ्ट इनचार्ज होतो, म्हणालो.

"मंग इथं काहून आले?"

शांततेसाठी, म्हणालो. ते एकमेकांकडे पाहून हसले. "शांतता तं लय हाये, साहेब. मानसंच नाईत."

बारा वर्षं मी अशा शेडमध्ये काढली जिथे यंत्रांच्या आवाजात माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. चहा, धागा तुटला, साहेब आला, घरी जातो. चार-पाच खुणांत दिवस जातो. मला त्याचा त्रास कधी झाला नाही. त्रास बाहेर आल्यावर व्हायचा.

माधवीशी ठरलं ते लिहून ठेवतो. ती चांदूर रेल्वेच्या तहसीलमध्ये कारकून आहे, रोज अमरावतीहून जाऊन-येऊन करते. ऑफिसात सगळे मेळघाट टाळतात. तिने स्वतःहून चिखलदरा मागितलं तर लगेच मिळेल. पण मग तीन वर्षं परतीचं नाव नाही. रागिणीला सहावीतून काढून इथल्या शाळेत घालावं लागेल. बदली मागायची मुदत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ती म्हणाली, "आधी तुमी राहून पाहा. मंग मले सांगा. तुमी ये म्हनलं की मी मागते."

मी म्हणालो, तुझं तू ठरव.

"माझं ठरलं हाये," ती म्हणाली. "तुमचं इचारून राहिली."

२१ नोव्हेंबर

तानुबाई कामावर आली. स्वयंपाक तिचा, दूध तिच्या म्हशींचं, पाहुण्यांच्या जेवणात तिचा वाटा. गवळ्यांची आहे, पन्नाशी गाठलेली, नवरा वारला. तिने सगळे तंबू उघडले आणि प्रत्येक खाटेवर बसून पाहिलं.

"पाव्हने कवा येतीन?"

येतील.

"कोनाले सांगतलं का?"

अजून नाही. आधी इथल्या शांततेची सवय करून घेतो आहे, म्हणालो.

"तिची काय सवय करा लागते? ते काय कुत्रं हाये चावाले?"

दुपारी नियमांचा फलक रंगवला. स्पीकर नाही, दारू नाही, प्लास्टिक नाही, आग नाही, आठनंतर बोलणं हळू. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला.

"यात 'या' कुठी लिहेल हाये?"

जागा संपली होती.

२ डिसेंबर

पहिले पाहुणे. अमरावतीची पाच मुलं, दोन मोटरसायकली आणि एक स्कूटर. उतरताच एकाने विचारलं, "वाय-फाय नाई का, काका? टायगर तरी हाये?"

"टायगर हाये," तानुबाई म्हणाली, "पन त्याले येक दिवस आधी सांगा लागते."

मुलं हसली. ती चांगली होती, उद्धट नव्हती. एकाच्या पाठीवर स्पीकर होता. मी फलक दाखवला. तो म्हणाला, हळू लावतो. मी म्हणालो, हळूही नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा घेतला आणि चिखलदऱ्याकडे गेली. तानुबाईने कणीक भिजवून ठेवली होती.

योग्य माणसं येतील, मी म्हणालो.

"योग्य म्हंजे कसे?"

विचार केला. कमी बोलणारे, म्हणालो.

तिने त्या कणकेच्या पोळ्या केल्या आणि घरी नेल्या.

७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर. दरवर्षी आम्ही तिघं इर्विन चौकात जातो, गर्दीत उभे राहतो, पुतळ्यापाशी मेणबत्ती लावतो. यंदा त्या दोघी गेल्या. मी इथे हापशीच्या ओट्यावर लावली. वारा होता. तीन वेळा विझली. चौथ्यांदा डब्याचा आडोसा केला.

गेलो असतो. पाहुणे आले असते तर कॅम्प बंद दिसला असता.

कोणी आलं नाही.

१९ डिसेंबर

काल वरुडहून एक नवरा-बायको आले. भगवंतराव आणि जमुनाबाई. संत्र्याचा बगीचा आहे. पिशवीभर संत्री घेऊन आले. दोघं सत्तरीचे. अशाच माणसांची मी वाट पाहत होतो. त्यांना सगळ्यात टोकाचा, सहा नंबरचा तंबू दिला. तिथे हापशीचाही आवाज येत नाही.

संध्याकाळी भगवंतराव खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. गिरणीत काय करत होतो, मुलं किती, माधवी कोणत्या ऑफिसात, सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. त्यांना विश्रांती हवी असेल म्हणून मी मग उठलो. तानुबाईशी ते जेवणापर्यंत बोलत होते, संत्र्याच्या बहाराबद्दल आणि म्हशींबद्दल.

आज सकाळी निघाले. आणखी एक दिवस राहणार होते. मी विचारलं, काही कमी पडलं का?

"कमी काई नाई पडलं," जमुनाबाई म्हणाल्या. "पन येवढी शांतता आमच्या घरीच हाये, भाऊ. दोघं पोरं पुन्याले. याईले वाटलं, कॅम्प म्हंजे चार मानसं असतीन."

जाताना संत्री ठेवून गेले. तानुबाई त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत गेली. मला वाटतं वयामुळे त्यांना थंडी सोसली नाही.

२९ डिसेंबर

इथे रेंज एकाच जागी येते. घाटातल्या वळणावर मोहाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याला कोणीतरी प्लास्टिकची अर्धी कापलेली बाटली खिळ्याने ठोकली आहे. फोन त्या बाटलीत ठेवायचा, स्पीकर चालू करायचा आणि झाडाशी बोलायचं. हातात घेतला की रेंज जाते. रांग असते. प्रत्येकाचं बोलणं प्रत्येकाला ऐकू येतं. आता मला गावातल्या बऱ्याच घरांच्या गोष्टी माहीत आहेत.

माधवीने कॅम्पची माहिती कुठेतरी टाकली आहे. आज बाटलीत फोन ठेवताच एकामागून एक कॉल आले. अकोल्याचे, परतवाड्याचे, चांदूरचे, सगळ्यांना एकतीस तारखेला यायचं. नाचगाणं, आरडाओरडा. मी म्हणालो, सगळे तंबू भरले आहेत.

मागे तानुबाईचा दीर रांगेत होता.

३१ डिसेंबर

तानुबाई सकाळी आली ती स्वयंपाकघरात न जाता थेट तंबूंकडे गेली. एकेक उघडून आत वाकून पाहिलं. सहाही.

"मले वाटलं, रात्रीतून आले असतीन," ती म्हणाली. "भरले हायेत म्हने."

मी म्हणालो, ती माणसं आपल्या कामाची नव्हती.

"आपल्या नाई, भाऊ. तुमच्या."

दूध ठेवून गेली. संध्याकाळी मी भात केला. हवा स्वच्छ होती. खाली गावात कोणीतरी ढोलकी वाजवत होतं, फार वेळ नाही.

१० जानेवारी

माधवीचा फोन. रांगेत चौघं. फोन बाटलीत.

"बरे हायेत ना? जेवन करून राहिले ना?"

हो.

"रागिनी इचारते, तिथं शाळेत गॅदरिंग असते का."

असेल.

"मंग? म्या काय करू? बदलीचं?"

मी म्हणालो, इथे थंडी खूप आहे. रागिणीला सर्दी लवकर होते.

"थंडीचं नाई इचारलं."

रांगेतल्या म्हाताऱ्याने, तोच समितीतला, विडी विझवली. "अवो साहेब, बाई काय इचारून राहिली, सांगा ना. आमाले बी फोन करा लागते."

माधवीने ते ऐकलं. हसली. "बाबाजी, तुमीच सांगा त्याईले."

"मी काय सांगू, माय. आमच्या गावात आलीस तं दूध देऊ."

सगळे हसले. मीही हसलो. अशा गोष्टी लोकांसमोर बोलता येत नाहीत. मी म्हणालो, नंतर सांगतो. ती म्हणाली, सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, ऑफिसच्या लोकांना घेऊन येते, सहाही तंबू तिचे. "तुमचा कॅम्प तरी भरन," म्हणाली.

२५ जानेवारी

दोन जीप भरून आले. माधवी, रागिणी आणि ऑफिसातली नऊ माणसं. टपावर गोवऱ्यांची दोन पोती, टोपलंभर वांगी, तूप. रोडगे करायचे म्हणून. मला आधीच समजायला हवं होतं. आपल्याकडचा माणूस रानात जातो तो रोडग्यांसाठीच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, पंगत. शांतता पाहायला तो येत नाही.

मी फलक दाखवला. आग नाही.

माधवीबरोबर काम करणारी संध्या पुढे येऊन कमरेवर हात ठेवून फलक वाचू लागली. "भाऊजी, तुमाले पाहून तं आमचे साहेब आठवले. तेबी मानसाकडं पाहायच्या आधी बोर्डाकडं पाहातात."

तानुबाईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "फॉरेस्टवाल्यायनं तो गोल खड्डा बांधून देल्ला हाये न मागं. जाळाचाच हाये तो. फेब्रुवारीनंतर बंद असते, आता नाई."

खड्डा आहे, हे खरं. दगडांनी बांधलेला, सुरक्षित. पण एकदा एकाला हो म्हटलं की फलकाला अर्थ राहत नाही. मी तसं म्हणालो.

"नियम कोनाचा?" संध्याने विचारलं. "फॉरेस्टचा का तुमचा?"

मी काही बोलायच्या आत माधवी म्हणाली, "चला. खाली नदीवर लावू. तानुबाई, जागा हाये ना तुमच्या गोठ्यापाशी?"

पोती पुन्हा जीपवर चढली. दहा मिनिटांत कॅम्प रिकामा झाला. तानुबाईसुद्धा गेली.

इथून झाडांवर धूर दिसत होता, सरळ, बारीक. थोड्या वेळाने रागिणी धापा टाकत वर आली. उंच झाली आहे.

"पप्पा, आई म्हंते, भाजी तुमी करा. तुमच्यासारखी कोनाले जमत नाई."

कॅम्पवर कोणीतरी असायला हवं, मी म्हणालो.

तिने तंबूंकडे पाहिलं. एकेक तंबू पाहत शेवटपर्यंत गेली नजर. "कोन हाये कॅम्पवर?"

सामान आहे सगळ्यांचं, म्हणालो.

ती वळली. मग उतरणीवरून पळत गेली. पळताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. पायाखाली दगड होते, बरोबरच केलं.

२६ जानेवारी

काल ते अंधार पडायच्या सुमारास परत आले, धुराचा वास घेऊन, हसत. माधवीने माझ्यासाठी चार रोडगे तुपात बुडवून आणले होते. मी जेवत असताना ती समोर बसून होती.

"भाजी कशी हाये?"

चांगली आहे, म्हणालो. तिखट कमी होतं.

"हो. कमीच झालं," ती म्हणाली.

चार नंबरचा तंबू सगळ्यात चांगला. त्याच्या दारातून दरी दिसते. तो माधवी आणि रागिणीसाठी ठेवला होता. नव्या चादरी घातल्या, पाण्याची कळशी ठेवली, कंदील पुसून ठेवला. मी नेहमीप्रमाणे कोठीत झोपलो. माधवी तंबूच्या दारापर्यंत आली होती. म्हणाली, "इथं तीन खाटा हायेत." मी म्हणालो, तिसरी सामानाला उपयोगी पडेल.

आज सकाळी मी तंबू झाडायला गेलो तर चादरींच्या घड्या घालून ठेवलेल्या. कळशी पालथी. पाहुणे जाताना करतात तसं सगळं जागच्या जागी.

निघताना ती म्हणाली, "कॅम्प लय चांगला ठेवला." ती कशाचं कौतुक फारसं करत नाही. मला बरं वाटलं. मग म्हणाली, "मी चौदा तारखेपर्यंत थांबते." मी मान हलवली. संध्या जीपमधून ओरडली, "भाऊजी, जय भीम. नियमात बसते ना येवढं?"

एक गोष्ट लिहून ठेवतो. जीप घाटात उतरल्या तेव्हा मला वाईट वाटलं. आणि त्याच वेळी हलकं वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटलं ते कळत नाही. थकवा असेल. अकरा माणसांचं करायचं म्हणजे सोपं नाही.

२ फेब्रुवारी

तानुबाई दोन दिवस आली नाही. निरोप नाही. मी भात आणि उरलेल्या वांग्यांची भाजी करतो. साग गळतो आहे. मोठी, वाळकी पानं दिवसभर एकेक करून पडतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी येतंय असं वाटून मी बाहेर पाहतो.

६ फेब्रुवारी

ये म्हणायचं आहे. त्यात अवघड काही नाही. पण मी ये म्हणालो, ती आली, आणि तिला इथे करमलं नाही तर? तीन वर्षं. रागिणीच्या मैत्रिणी तिकडे. उद्या त्या म्हणतील, तुमच्यामुळे आलो. तिने आपणहून ठरवलं तर तसं होणार नाही. मी तिला मोकळी ठेवतो आहे. हे तिला कसं सांगायचं ते जमत नाही एवढंच.

आज हे मी मोठ्याने बोलून पाहिलं, हापशीपाशी. बोलताना बरोबर वाटलं. थांबल्यावर तेवढं नाही.

१० फेब्रुवारी

तानुबाई परत आली. चूल पेटवली, चहा केला, मला दिला, स्वतः उंबऱ्यावर बसली.

"बाईले सांगतलं?"

अजून नाही.

"काहून?"

मी सहा तारखेला लिहिलेलं तिला सांगितलं. मोकळी ठेवतो आहे वगैरे. तिने चहा बशीत ओतला.

"माहा नवरा मेला न, तवा मले बी वाटलं, बरं झालं, आता बोलनारं कोनी नाई. म्हशी काई बोलत नाईत. वरिसभर बरं वाटलं. मंग येक दिस धार काढता काढता म्हशीनं लाथ मारली. हे येवढं सुजलं. अन् मले बरं वाटलं, भाऊ. म्हनलं, कोनी तं आपल्याले काई केलं."

ती हसली. मी विचारलं, मग?

"मंग काय. दीराच्या घरी जेवाले जाऊ लागली. भांडन करते रोज त्याच्या बायकोसंग."

तिचं आणि माझं वेगळं आहे. मला बायको-मुलगी आहे.

१३ फेब्रुवारी

उद्या सांगतो. सकाळी लवकर गेलं तर रांग नसते. लोकांसमोर बोलायचं नाही एवढंच पाहायचं. वाक्य ठरवलं: मी इथे आहे, तुम्ही या. त्यापेक्षा जास्त काही म्हणायची गरज नाही. मुळात 'या' एवढंही पुरे.

झोपायला कोठीत न जाता चार नंबरमध्ये जाऊन बसलो थोडा वेळ. दरी दिसत नव्हती, धुकं होतं. मग कोठीत आलो.

१४ फेब्रुवारी

ऊन यायच्या आधी वळणावर पोचलो. कोणी नव्हतं. वारा नव्हता. झाडाखाली मोटरसायकल लावली, फोन बाटलीत ठेवला. चारही रेघा. इतकी रेंज इथे मी कधी पाहिली नव्हती.

रागिणीने उचलला. "पप्पा! आई डबा भरून राहिली. थांबा." मग चपलेचा आवाज, फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज.

"बोला," माधवी म्हणाली. "मले साडेसातची गाडी हाये."

मी म्हणालो, कशा आहात?

"बऱ्या हावो. आज शेवटचा दिवस हाये. मी जाऊन टेबलावर बसली की पयलं तेच काम करते म्हनलं. मी तुमाले येकदाच इचारते. येऊ?"

मी झाडाकडे पाहत होतो. बाटलीच्या कडेला मुंग्या होत्या, ओळीने वर जात होत्या.

"येऊ का आमी?"

मी म्हणालो, हॅलो.

"आयकू येऊन राहिलं ना?"

हॅलो, मी म्हणालो. आवाज कटतोय तुझा.

मग तोच प्रश्न तिने पुन्हा विचारला, हळू, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसा. मी पुन्हा हॅलो म्हणालो. काही कळत नाही, म्हणालो. इथे वारा आहे.

फोन तिने ठेवला नव्हता. मागे कुकरची शिट्टी झाली. "तिसरी, आई," रागिणी म्हणाली. माधवी चार पावलं चालत गेली. गॅसचं बटण बंद केल्याचा टक असा आवाज आला.